जुन्या टचपॅडची दोन बोटं: लॅपटॉप कंपन्यांत काम करणाऱ्या आपल्या पोरापोरींना खुले पत्र

नंदनवन, नागपूर

पुण्यात, बेंगळुरूत, हैदराबादेत लॅपटॉपच्या आणि टचपॅडच्या कंपन्यांत ड्रायव्हर (म्हणजे पॅडचं बोलणं कॉम्प्युटरला समजावणारा दुभाषा प्रोग्रॅम) लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि तो वेबसाइटवर ठेवायचा की काढायचा हे ठरवणाऱ्या बैठकीत कोपऱ्यात बसणाऱ्या आपल्या विदर्भातल्या मुलामुलींनो,

हे पत्र खरं तर तुमच्या कंपन्यांना लिहायचं होतं. एकीला लिहिलंही, इंग्रजीत, मॉडेल नंबरासकट, की जुन्या लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटांनी पान सरकत नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं की या मॉडेलचा सपोर्ट संपला आहे, आणि खाली नव्या लॅपटॉपवरच्या सवलतीची जाहिरात. म्हणून आता मराठीत, आणि थेट तुम्हाला. तुमच्यातल्या एखाद्या दोघांनी माझ्याच इन्स्टिट्यूटच्या बाकावर ए-एस-डी-एफ गिरवलं असेल, तेव्हा मॅडमचा आवाज ओळखीचा वाटला तर दचकू नका.

मी चोवीस वर्षं टायपिंग इन्स्टिट्यूट चालवली. आधी खडखडणारी मशीन, मग कॉम्प्युटर. तीस शब्दांची परीक्षा, चाळीस शब्दांची परीक्षा, मराठी, इंग्रजी. बोटं हाच माझा धंदा होता. कुणाची करंगळी आळशी आहे हे मला दुरून, नुसत्या आवाजावरून कळायचं. आता इन्स्टिट्यूट बंद आहे आणि त्याच हॉलमध्ये अभ्यासिका चालते. आरमोरी, सिरोंचा, गोंदिया, पवनी, कुठून कुठून पोरं येतात. महिन्याची फी जेमतेम कूलरच्या बिलापुरती. इथे अकरा लॅपटॉप आहेत, सगळे लोकांनी दिलेले, बहुतेक २०१० ते २०१४ मधले. ज्याच्याकडे स्वतःचा नाही त्याने यावं, बसावं, वाचावं.

आणि वाचतात काय? पीडीएफ. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये, आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका पीडीएफमध्ये, शासन निर्णय पीडीएफमध्ये. तीनशे पानांची फाईल दिवसभर खाली सरकवायची. या पोरांचं सगळं आयुष्य मोबाईलवर बोट फिरवण्यात गेलेलं. लॅपटॉपवर बसली की दोन बोटं टेकवतात आणि वर ढकलतात. पान हलत नाही. पुन्हा ढकलतात, जरा जोरात. मग नुसता बाण स्क्रीनवर इकडून तिकडे पळतो.

‘मॅडम, हे पान सरकूनच नाही राह्यलं,’ आरमोरीची एक मुलगी म्हणाली. मी तिला उजवीकडची पट्टी दाखवली, बाणाने ती धरून ओढायची. तिने चार दिवस ओढली. पाचव्या दिवशी मनगटाला क्रेप बँडेज बांधून आली. क्लिकचं बटण दाबून धरायचं आणि त्याच हाताने बाण ओढायचा, हे दिवसातून हजारदा केलं तर दुसरं काय होणार? मी मनगटं सरळ ठेवायला शिकवणारी बाई, मला ते बघवलं नाही.

लॅपटॉप घेऊन बर्डीवर, नागपूरच्या बाजारात, गेले. पहिल्या दुकानात सांगितलं पॅड गेला, बदलावा लागेल. दुसऱ्या दुकानातला मुलगा प्रामाणिक निघाला. त्याने पॅडवरून बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, ‘पॅडले काही नाही झालं जी. याचा ड्रायवरच नाही भेटत. कंपनीनं काढून टाकला.’ मग त्याने खिशातून एक पेन ड्राइव्ह काढला, त्यातलं लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम, इन्स्टॉल न करता नुसतं चालू केलं आणि लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला. मी दोन बोटं टेकवली. पान सरकलं.

तोच लॅपटॉप, तोच पॅड, तेच बारा वर्षं झिजून गुळगुळीत झालेलं प्लास्टिक. आत एक स्क्रू फिरवला नव्हता. दुकानातून बाहेर आले तेव्हा मला आनंद कमी आणि राग जास्त आला होता. इतकी वर्षं त्या पॅडला दोन बोटं कळत होती, आणि कुणीतरी त्याला ते बोलू दिलं नव्हतं.

त्यानंतर दोन महिने मी हा विषय जमेल तसा वाचून काढला. तुम्हाला यातलं बरंच ठाऊक असेल, पण हे पत्र इतरही वाचतील, आणि मॅडमला किती समजलंय हे तुम्हालाही कळायला हवं.

पॅडच्या खाली आडव्या-उभ्या तारांची जाळी असते. बोट आलं की त्या जागची विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवायची क्षमता, बदलते आणि पॅडमधली चिप ते मोजते. सिनॅप्टिक्स या पॅड बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या पॅडमध्ये बोटाची जागा आणि दाब यांच्या जोडीला आणखी एक आकडा असतो, त्याला डब्ल्यू म्हणतात. तो ४ ते ७ असेल तर साधं बोट. ८ किंवा त्याहून जास्त असेल तर फार रुंद काहीतरी, म्हणजे बहुधा तळहात टेकलाय. आणि ज्या पॅडमध्ये एकाहून जास्त बोटं ओळखायची सोय आहे, तिथे ० म्हणजे दोन बोटं आणि १ म्हणजे तीन किंवा जास्त. म्हणजे चिप बिचारी सेकंदाला ऐंशी वेळा ‘दोन बोटं, दोन बोटं’ असं ओरडत असते. ते ऐकायचं आणि त्याचं स्क्रोल करायचं काम ड्रायव्हरचं. ड्रायव्हरने कानात बोळे घातले तर चिपने काय करावं?

सगळेच पॅड तेवढे हुशार नसतात, हेही मान्य. त्या काळातल्या पुष्कळ पॅडना बोटं दोन आहेत हे कळतं, पण ती नेमकी कुठे आहेत हे सांगता येत नाही. माझ्या हॉलचंच उदाहरण घ्या. मी तुम्हाला एवढंच सांगितलं की दुसऱ्या आणि पाचव्या रांगेत कुणीतरी बसलंय, आणि खिडकीकडून तिसऱ्या आणि सातव्या खुर्चीत कुणीतरी बसलंय, तर माणसं दोन आहेत हे कळेल. पण दुसऱ्या रांगेतला तिसऱ्या खुर्चीत आहे की सातव्या, हे कसं सांगाल? आडव्या तारा वेगळ्या आणि उभ्या वेगळ्या मोजणाऱ्या पॅडची हीच अडचण. त्यामुळे चिमटीने फोटो मोठा करणं त्यावर धड होत नाही. पण पान वर-खाली करायला कोण कुठे बसलंय हे कशाला हवं? दोघं मिळून पुढे सरकली की मागे, एवढं कळलं की झालं. स्क्रोलला अर्धी माहिती पुरते. तुमच्या मदतकेंद्रांनी ‘हार्डवेअर सपोर्ट करत नाही’ म्हणताना ही दोन कामं एकाच पोत्यात कोंबलेली असतात.

अगदीच जुने, एकच बोट ओळखणारे पॅडही असतात. आमच्या अकरांत असे दोन निघाले. त्यांच्यासाठी उजव्या कडेवर एका बोटाने सरकवायची जुनी पद्धत आहे, ती उत्तम चालते. लिनक्समध्ये हल्ली लिबइनपुट नावाचा जो भाग हे काम बघतो, तो आधी पॅडला विचारतो की बाबा, तुला दोन बोटं कळतात का. कळत असतील तर दोन बोटांनी स्क्रोल, नसतील तर कडेने. त्याच्या आधीच्या सिनॅप्टिक्स ड्रायव्हरमध्ये तर आणखी एक जुगाड होता: दोन बोटं ओळखता न येणाऱ्या पॅडवर स्पर्श ठरलेल्या मर्यादेपेक्षा रुंद आणि जड लागला, की ती दोन बोटं आहेत असं धरून चालायचं. माझ्या एका विद्यार्थ्याचा अंगठा जवळपास दोन बोटांएवढा आहे, त्याच्या हाताखाली या जुगाडाचं काय होईल देव जाणे. पण वृत्ती बघा. समोर आलेल्या यंत्राकडून जेवढं होईल तेवढं करून घ्यायचं.

ही गोष्ट नवी नाही. २००५ च्या सुरुवातीला अॅपलने पॉवरबुक या आपल्या नव्या लॅपटॉपमध्ये दोन बोटांचं स्क्रोलिंग आणलं. आदल्या वर्षी घेतलेल्यांना ते नाही. पण अॅपलने आपल्या सिस्टिमच्या पायाचा, डार्विनचा, बराचसा सोर्स कोड खुला ठेवला होता आणि त्यात जुना माऊस ड्रायव्हरही होता. बाहेरच्या एकाने तो घेतला, सुधारला आणि आयस्क्रोल २ नावाने फुकट वाटला. २००५ च्या आधीच्या कितीतरी पॉवरबुक आणि आयबुकवर दोन बोटांनी पान सरकायला लागलं. त्या पॅडमध्ये ती क्षमता आधीपासून होती. विंडोजवरही सिनॅप्टिक्सच्या पॅडसाठी असे लहान मोफत प्रोग्रॅम निघाले, मूळ ड्रायव्हर तसाच ठेवून त्याच्याकडूनच बोटांची माहिती काढून घेणारे. मॅकवाल्याला हे जमलं कारण दार उघडं होतं. कंपनीने कोड उघडा ठेवला म्हणून तिचे नवे लॅपटॉप विकायचे थांबले, असं काही मी ऐकलं नाही.

विंडोजचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे, आणि तिथेच तुमची गरज आहे. २०१३ मध्ये विंडोज ८.१ बरोबर प्रिसिजन टचपॅड आला. त्याच्या आधी बोटांचा अर्थ तुमच्या कंपनीचा ड्रायव्हर लावायचा आणि विंडोजला सांगायचा की ‘माऊसचं चाक फिरलं’. प्रिसिजन पॅड बोटांच्या जागा जशाच्या तशा विंडोजकडे देतो आणि अर्थ विंडोज लावतं. म्हणून नव्या लॅपटॉपवर विंडोजबरोबर नव्या सोयी आपोआप येतात: तीन बोटांनी खिडक्या बदला, चार बोटांनी डेस्कटॉप बदला. जुना लॅपटॉप मात्र त्याच्या शेवटच्या ड्रायव्हरच्या तारखेत गोठून राहतो, दुपारी बंद पडलेल्या घड्याळासारखा.

पान गचके देत का सरकतं, हेही मला त्यातूनच कळलं. विंडोजच्या हिशोबात माऊसच्या चाकाची एक खाच म्हणजे १२० एकक, आणि एका खाचेला साधारणपणे तीन ओळी. खाचेचे तुकडे पाठवायची सोय विंडोज व्हिस्टापासून आहे. पण जुना ड्रायव्हर अख्ख्याच खाचा पाठवत राहिला तर पान तीन-तीन ओळींच्या उड्या मारतं. वाचणाऱ्याची नजर दर उडीला ओळ हरवते. शासन निर्णयाची भाषा वाचताना ओळ हरवली तर ती पुन्हा सापडायला किती वेळ लागतो, हे कधी अनुभवून बघा.

आणि दिशा. अॅपलने २०११ मध्ये मॅकच्या लायन या आवृत्तीत दिशा उलटी केली: बोट वर, मजकूर वर, मोबाईलसारखं. आज वीस वर्षांच्या पोराला तीच दिशा सुलटी वाटते. प्रिसिजन पॅडवर ती बदलायला सेटिंगमध्ये एक साधा पर्याय असतो. जुन्या पॅडला विंडोजच्या सेटिंगचं ते पानच धड दिसत नाही. मला स्वतःला जुनीच दिशा बरी वाटते, पण माझं वय विचारात घेऊ नका.

मग पोरांनी विंडोजवर दुसरा मार्ग काढला. एका कंपनीचा प्रिसिजन ड्रायव्हर घ्यायचा, त्याच्या फाईलमध्ये आपल्या पॅडचा ओळख क्रमांक घुसवायचा आणि दुसऱ्याच कंपनीच्या लॅपटॉपवर बसवायचा. जमतं, सगळीकडे नाही. पण फाईल बदलली की तिच्यावरची डिजिटल सही, म्हणजे ती अस्सल असल्याची खूण, मोडते, आणि ६४ बिटचं विंडोज सही नसलेला ड्रायव्हर घेत नाही. ती तपासणी बंद करून बसवावा लागतो, म्हणजे सुरक्षेचं कुलूप काढून घरात पंखा बसवण्यातला प्रकार. आम्ही दोन लॅपटॉपवर करून पाहिलं. एकावर झकास चाललं, आणि तीन आठवड्यांनी विंडोज अपडेटने गुपचूप जुना ड्रायव्हर परत आणून ठेवला. दुसऱ्यावर पॅडच मेला. बाणही हलेना. यूएसबी माऊस लावून सगळं मागे घ्यावं लागलं, आणि ते करणारा पोरगा दुसऱ्या दिवशीची सराव परीक्षा सोडून रात्री बारापर्यंत माझ्या हॉलमध्ये बसला होता. ही कसरत त्याने का करावी? सही करायची किल्ली तुमच्या कार्यालयात आहे, नंदनवनात नाही.

कंपनीच्या बाजूचं मी ऐकलंय. पॅड एकाचा, लॅपटॉप दुसऱ्याचा, विंडोज तिसऱ्याचं. पॅडवाला म्हणतो की ड्रायव्हर लॅपटॉपवाल्याने त्याच्या मॉडेलप्रमाणे बदलून घेतलाय, त्यालाच विचारा. लॅपटॉपवाला म्हणतो मॉडेल जुनं झालं. आमच्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवायला गेलं की तलाठी तहसीलला पाठवतो आणि तहसील तलाठ्याकडे, त्यामुळे हा खेळ आम्हाला अनोळखी नाही. जुन्या मॉडेलची चाचणी करायला माणूस आणि पैसा लागतो, हेही खरं. पण मी नवा ड्रायव्हर लिहा असं म्हणतच नाही. आधी होता तो तरी काढू नका! आमच्या अकरांपैकी चार लॅपटॉपचा शेवटचा ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून गायब आहे. त्याच फाईलच्या नावाने दहा भलत्याच साइट टपून बसल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीवरून आमच्या एका पोराने ड्रायव्हर समजून व्हायरस उतरवला. कंपनीच्या सर्व्हरवर त्या फाईलला किती जागा लागली असती? माझ्या घरच्या लग्नाच्या व्हिडिओपेक्षा कमीच.

दुसरं, तुमच्या मॉडेलच्या माहितीपत्रकात प्रोसेसर, रॅम, बॅटरी सगळं असतं, आणि पॅडबद्दल एक शब्द, ‘टचपॅड’. कुणाचा आहे, किती बोटं ओळखतो, कीबोर्ड-माऊसच्या जुन्या पीएस-टू वाटेने जोडलाय की दुसरीही वाट आहे, काही नाही. ही दुसरी वाट फार कामाची आहे. पुष्कळ सिनॅप्टिक्स पॅड पीएस-टूवर बोलतात आणि शेजारी एसएमबस या लॅपटॉपच्या आतल्या दुसऱ्या जोडणीवरही बोलू शकतात, तिथे त्यांना बोटांची जास्त माहिती देता येते. लिनक्समध्ये चालू होताना एक ओळ लिहून ती वाट उघडून बघता येते. आमच्या एका लॅपटॉपवर ती उघडल्यावर पॅड असा काही सुधारला की सिरोंच्याचा पोरगा म्हणाला, ‘मॅडम, नवा टाकला का बे हा?’ मग जीभ चावून ‘नवा टाकला का जी’. पण कोणत्या मॉडेलमध्ये ही वाट धड आहे आणि कोणत्यात झोपेतून उठल्यावर पॅड बंद पडतो, हे बाहेरच्या माणसाला एकेक करून धडपडत शोधावं लागतं. तुमच्याकडे ते कुठल्या तरी तक्त्यात लिहिलेलं असणार. तो तक्ता बाहेर ठेवा. सपोर्ट संपल्याच्या दिवशी ठेवा हवं तर.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्याकडे अकरापैकी एकातही ते नाही. सात लॅपटॉप मी लिनक्सवर नेले, त्यावर मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही छान चालतो. चार अजून विंडोजवर आहेत, कारण टायपिंगच्या परीक्षेचा सराव करणाऱ्यांना तिथलंच सॉफ्टवेअर लागतं. दिल्लीत ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल काढलं, ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. दोन्ही चांगलं. पण चालू पॅडवर ड्रायव्हर नाही म्हणून लॅपटॉप भंगारात गेला, तर तो यातल्या कुठल्या रकान्यात बसतो, हे तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असलं तर कळवा.

एक जाता जाता, पूर्णपणे नागपूरची तक्रार. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. हॉलमध्ये कूलर, म्हणजे हवा ओलसर, आणि बोटांना घाम. ओल्या बोटाखाली बाण बेडकासारखा उड्या मारतो, कारण पाण्यानेही ती धारिता बदलते. आम्ही प्रत्येक लॅपटॉपशेजारी एक सुती पंचा ठेवलाय. तुमचे पॅड कुठल्या गार खोलीत तपासतात माहीत नाही. एकदा नवतपात इथे आणून तपासा, हॉल मोकळा करून देईन, भाडं घेणार नाही.

ज्या चार लॅपटॉपचे ड्रायव्हर मिळत नाहीत, त्यांच्या तळाच्या स्टिकरचे फोटो मी काढून ठेवलेत. दिवाळीला तुमच्यातले बरेच जण गावी येतात. नंदनवनात टायपिंगच्या मॅडम कुठे राहतात विचारलं तर कुणीही सांगेल. सकाळी या, तर्री पोहे मी देते. फोटो बघा आणि तुमच्या कार्यालयातल्या जुन्या फोल्डरमध्ये त्या चार फाईली आहेत का, तेवढं परत गेल्यावर पाहून सांगा. आरमोरीच्या मुलीचा लॅपटॉप त्या चारांतलाच आहे. टायपिंगची परीक्षाही द्यायची म्हणून तिला विंडोजच हवं. सध्या तिला मी माझ्या घरचा माऊस दिलाय. त्याचं चाक उलटं फिरतं म्हणून ती रोज कुरकुरते.

तुमची,
टायपिंगच्या मॅडम